अष्टभुजेची पांढरी रेघ

घाटकोपरच्या भटवाडीत, टेकडीला टेकून उभ्या असलेल्या एका चाळीत गुणाजी राऊळ राहायचा आणि त्याला अमेरिकेतल्या बागा तोंडपाठ होत्या. बागा म्हणजे गुलाब-मोगऱ्याच्या नव्हेत. आकाशपाळणे, डोंगरावरून सुटणाऱ्या गाड्या, धबधब्यावरून पाण्यात आदळणाऱ्या होड्या, असल्या बागा. फ्लोरिडातल्या बागेचं दार उघडलं की डावीकडे वळायचं, कारण बहुतेक माणसं उजवीकडे पळतात, हे तो अशा थाटात सांगायचा की ऐकणाऱ्याला वाटावं, हा बाबा गेल्या रविवारीच तिकडून आलाय. प्रत्यक्षात त्याची मजल मुंबई ते सावंतवाडी एवढीच, तीही एसटीने.

गिरणीत तो फिटर होता. ब्याऐंशीचा संप झाला आणि गिरणी गेली, तेव्हा मरोळच्या एका वर्कशॉपात तो पंप दुरुस्त करायला लागला. तिथे परदेशातून आलेल्या सुट्या भागांच्या खोक्यात, भुशाच्या खाली, त्याला एका पार्काचा घडीचा नकाशा सापडला. कुणीतरी तो खोक्यात भर म्हणून कोंबलेला असणार. गुणाजीने तो घरी आणला, इस्त्री फिरवून सरळ केला आणि भिंतीवर लावला. मग शेजारची शकु, जी टायपिंगच्या क्लासला जायची, तिच्याकडून त्याने इंग्रजीत पत्रं लिहून घ्यायला सुरुवात केली. ‘मी सहकुटुंब आपल्या पार्कास भेट देण्याचे नियोजन करीत आहे, तरी माहितीपत्रक पाठवावे.’ ह्यात खोटं काहीच नव्हतं. नियोजन तो खरोखरच करत होता. दोन-दोन महिन्यांनी जाडजूड पाकिटं यायची, गुळगुळीत कागदांची, डेन्मार्कहून, जर्मनीहून, जपानहून, आणि पोस्टमन सगळ्या चाळीला ऐकू जाईल असं ओरडायचा, “राऊळ, फॉरेन!”

रविवारी दुपारी सहल निघायची. गुणाजी चटईवर नकाशा पसरायचा, चाळीतली दहा-पंधरा माणसं भोवती बसायची आणि तो त्यांना हिंडवून आणायचा. “आता अकरा वाजले. ऊन चढलं. आता गाडीच्या रांगेत मरायचं नाही, आता भुताच्या घरात जाऊन बसायचं. तिथे सावली आहे, रांग वीस मिनिटांची. बाहेर पडलो की समोर होडी.” माणसं हसायची, टिंगल करायची, पण पुढच्या रविवारी बरोबर तीनला हजर असायची. जग फिरून यायचं आणि संध्याकाळच्या चहाला आपल्याच दारात उतरायचं, ह्यात वाईट काय होतं?

त्याची बायको विमला मात्र ह्या सहलीत नसायची. ती दाराशी तांदूळ निवडत बसायची. एवढ्या वर्षांत तिने एकच प्रश्न विचारला असेल, तोही मान वर न करता. “आणि खाली कसा उतरूचा?” सगळे खो खो हसायचे. गुणाजी तर सगळ्यांत जास्त.

हसणाऱ्यांना ठाऊक नव्हतं आणि गुणाजीला ठाऊक असून तो विसरला होता, की विमलेचा बाप माडांवर चढून नारळ काढायचा. ती नऊ वर्षांची असताना भर दुपारी तिच्या डोळ्यांदेखत तो वरून पडला. पायातली दोरी सुटली. दोरी दिसायला नवीकोरी होती. तेव्हापासून विमला स्टुलावर चढून माळ्यावरचा डबासुद्धा काढत नसे. जत्रेत पाळणा दिसला की ती पाठ करून उभी राहायची.

चौऱ्याऐंशीच्या उन्हाळ्यात, गुणाजीचं नशीब उघडलं. मुलुंडला डोंगराच्या पायथ्याशी एक बंद पडलेली दगडाची खाण होती. एका शेठने ती घेतली, सपाट केली, तिथे ‘आनंदबाग’ अशी पाटी लावली आणि जपानातल्या कुठल्याशा मोडीत निघालेल्या बागेतून एक जुनं मशीन मागवलं. ते बसवायला आणि सांभाळायला फिटर हवा होता. गुणाजीने मुलाखतीला जाताना पाकिटांची फाइलच नेली. शेठने चार पानं उलटली आणि त्याला कामावर ठेवलं.

मशीन अकरा खोक्यांतून आलं. मध्ये जाड खांब, खांबाच्या डोक्यावर फिरती चकती, चकतीला आठ लोखंडी हात आणि प्रत्येक हाताच्या टोकाला चार माणसं बसतील अशी टोपली. चकती फिरायला लागली की हात वर जायचे, खाली यायचे, आणि टोपल्यांतली माणसं किंचाळायची. कामगारांनी पहिल्याच दिवशी तिचं नाव ठेवलं अष्टभुजा. त्या नावासरशी ती मशीन राहिली नाही. येता-जाता माणसं तिच्या खांबाला हात लावून तो हात कपाळाला लावायला लागली. गुणाजीही लावायचा.

एकेक हात चकतीला आठ बोल्टांनी धरलेला होता. आठ हातांचे मिळून चौसष्ट. त्या चौसष्ट नटांवर बारीक पांढऱ्या रेघा होत्या. रेघ नटाच्या डोक्यावरून निघायची आणि खालच्या लोखंडावर उतरायची. काही पुसट होत्या, काही ठसठशीत. गुणाजीला त्या अजिबात आवडल्या नाहीत. त्याला वाटलं, कुणा गबाळ्या रंगाऱ्याचा कुंचला गळलाय.

मशीनबरोबर जपानी भाषेतलं एक पुस्तक आलं होतं. शेठने उभारणीची आणि वायरिंगची पानं कुणाकडून तरी इंग्रजीत करून घेतली आणि बाकीची तशीच राहू दिली. मशीन चालू झालं होतं, पुढचं वाचायचं कशाला? गुणाजी मात्र दुपारी डबा खाताना ते पुस्तक चाळायचा, चित्रं बघायचा. एका पानावर एक नट काढलेला होता, नटावरून गेलेली रेघ होती, आणि शेजारी एक मोठा उघडा डोळा. त्याने ते पान सीतारामला दाखवलं. सीताराम मशीन चालवायचा, बटणांच्या खोक्यापाशी त्याची खुर्ची.

“डोळा म्हणजे दृष्ट, गुणाजीभाऊ,” सीताराम म्हणाला. “मशीनला दृष्ट लागू नये म्हणून रेघ मारतात ते लोक. आपण पोराच्या गालाला काजळ लावतो ना, तसं.”

“काय सांगतोस! जपानी पण मानतात?”

“न मानून सांगतात कुणाला? एवढं मोठं मशीन, एवढी माणसं बघणार. दृष्ट लागणारच ना यार.”

गुणाजीला ते इतकं पटलं की त्याने घरी येऊन विमलेला सांगितलं. जपानसारखा पुढारलेला देश आपल्यासारखाच निघाला, ह्याचाच त्याला आनंद. दुसऱ्या दिवशी खांबाला लिंबू-मिरची लागली, खाली बिब्बा आणि काळी बाहुली. हा सगळा प्रकार आज वाचायला गमतीचा वाटतो. पुढे जे झालं त्याची सुरुवात त्याच पानावर होती, आणि ते पान समोर उघडं असताना ती दोन शहाणी माणसं त्याच्यावर डबा ठेवून जेवली.

मग दसरा आला. गिरणीत दसऱ्याला मशीनं धुऊनपुसून, झेंडूचे हार घालून, हळदकुंकू लावून उभी करायची रीत होती आणि गुणाजीच्या हातात ती मुरलेली होती. अष्टभुजेला त्या दिवशी नवरीसारखं सजवायचं त्याने ठरवलं. रॉकेलचा बोळा घेऊन तो चकतीवर चढला आणि त्याने एकेक नट पुसला. चौसष्ट रेघा त्याने स्वतःच्या हाताने पुसल्या. दृष्ट काढायला आता लिंबू होतं, ह्या परक्या रेघांचं काम नव्हतं. मग शेंदरी ऑइलपेंटचा डबा फोडून त्याने नटांना इतका रंग पाजला की नट कुठे संपतो आणि लोखंड कुठे सुरू होतं, ते कळेना. खाली उतरून त्याने वर पाहिलं. मशीन झकास दिसत होतं. त्याचे डोळे भरून आले.

पुढच्या पावसाळ्यात नटांभोवतीचा रंग तडकला. केसासारख्या बारीक चिरा, गोल, नटाच्या कडेने. गुणाजीने रंगवाल्याला शिव्या घातल्या, माल हलका दिला म्हणून, आणि पंच्याऐंशीच्या दसऱ्याला दुसरा थर दिला. शहाऐंशीच्या पावसाळ्यात पुन्हा चिरा आल्या. सगळ्यांत जास्त तीन नंबरच्या हाताला. त्या हाताच्या टोपलीत बसायला माणसं भांडायची, कारण ती म्हणे सगळ्यांत उंच जायची. ती खरंच किंचित जास्त हलायची.

गणपती गेले आणि मशीन बोलायला लागलं. एका फेऱ्याला एकदा, टक्. मोठा आवाज नाही. अडकित्त्यात सुपारी फुटावी एवढाच. लाउडस्पीकरच्या गाण्यात तो कुणाला ऐकू जात नसे, पण गुणाजीचा कान गिरणीत तयार झालेला. त्याने ग्रीस भरलं. आठवडाभर आवाज गेला आणि मग परत आला. त्याने मनाशी ठरवलं, बेअरिंग असणार. बेअरिंग इथे मिळत नाही, आणि आता आपण तिकडेच जाणार आहोत, येताना घेऊन येऊ.

कारण गुणाजी खरंच निघाला होता. शेठला दुसरं मशीन घ्यायचं होतं, आणि त्यांनी मॅनेजर श्यामकांतला जपानला पाठवायचं ठरवलं. श्यामकांत इंग्रजी बोलायचा, पण त्याला पाना आणि पकड ह्यांतला फरक कळत नव्हता. म्हणून बरोबर गुणाजी. बातमी चाळीत आली तेव्हा लोकांनी त्याला खांद्यावर घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं. त्याने आलेखाच्या कागदावर सहा दिवसांचा बेत आखला. तीन बागा, कुठल्या दारातून शिरायचं, कुठे आधी, कुठे जेवण. चार वर्षं चटईवर केलेलं काम होतं ते. फक्त एक गोष्ट त्याच्या जिवाला लागली. दसरा त्या सहा दिवसांतच येत होता.

निघायच्या आदल्या दिवशी त्याने सीतारामला बजावलं, “रंग विसरू नकोस. नटांत चांगला दाबून भर. चिरा दिसता कामा नयेत.” आणि संध्याकाळी घरी येऊन तो विमलेसमोर बसला.

दसऱ्याला पूजा झाली की पहिला फेरा कामगारांच्या घरच्या माणसांचा असायचा. दोन वर्षं विमला खाली ताट घेऊन उभी राहिली होती. बाकीच्या बायका गुणाजीला चिडवायच्या, तुझी बायको तुझ्याच मशीनला भिते म्हणून. त्याला ते लागायचं.

“ह्या वेळी बस गो,” तो म्हणाला. “मी नसलो तरी बस. तीन नंबरात बस, सगळ्यांत चांगली टोपली.”

“माका नको.”

“मी तिकडे जगातल्या बागा बघणार, आणि माझी बायको माझ्या मशीनवर बसत नाय. लोकांनी काय म्हणूचा?” आणि मग त्याने ते वाक्य उच्चारलं, जे नंतर त्याला जन्मभर ऐकू येणार होतं. “तुझो माझ्यार विश्वास नाय काय?”

विमलेने हातातले तांदूळ सुपात टाकले. “बसतंय,” ती म्हणाली. “तुमी सांगतास म्हणान बसतंय.”

गुणाजी खूश होऊन बॅग भरायला उठला. टक् आवाज त्याला त्या क्षणी आठवला होता, हे त्याने फार वर्षांनी कबूल केलं.

जपानात पहिले तीन दिवस त्याचे पाय जमिनीवर नव्हते. पहिल्या बागेत तो दार उघडल्याबरोबर डावीकडे वळला आणि खरंच तिकडे रांग नव्हती. श्यामकांत बाकावर बसून पाय चेपत होता, तर हा एकोणपन्नास वर्षांचा गडी लाकडी डोंगरावरच्या गाडीत पाच वेळा बसला. भुताच्या घरात तो हसला, म्हणून मागची जपानी पोरंही हसायला लागली. होडी पाण्यात आदळली तेव्हा त्याच्या पाकिटातले चाळकऱ्यांचे फोटो भिजले. ते त्याने मुद्दाम आणले होते, सगळ्यांना फिरवायचं कबूल केलं होतं म्हणून. संध्याकाळी तो बाकावर फोटो वाळत घालून बसला आणि श्यामकांतला म्हणाला, “साहेब, आता मेलो तरी चालेल.” श्यामकांतने त्याला असलं अभद्र बोलू नको म्हणून झापलं.

चौथा दिवस दसऱ्याचा. तिसऱ्या बागेच्या माणसांनी त्यांना दार उघडायच्या आधी आठ वाजता आत घेतलं, मशीनं बघायला. आणि तिथे, झाडांच्या मागे, अष्टभुजा उभी होती. तोच खांब, तीच चकती, तेच आठ हात, फक्त रंग निळा. गुणाजीला परक्या गावात सख्खी बहीण भेटावी तसं झालं. तो हात जोडायला पुढे गेला.

चकतीवर एक म्हातारा मेकॅनिक उकिडवा बसला होता. हातात टॉर्च. तो एकेका नटावर उजेड पाडायचा, बोट फिरवायचा, पुढे सरकायचा. घाई नाही, बोलणं नाही. गुणाजीही वर चढला. म्हाताऱ्याने फिटरला फिटर ओळखला आणि जागा करून दिली. नटांवर पांढऱ्या रेघा होत्या, ताज्या, सरळ.

एका नटापाशी म्हातारा थांबला. तिथली रेघ तुटली होती. नटावरचा तुकडा एका बाजूला सरकला होता, लोखंडावरचा जागच्या जागी, मधे करंगळीच्या नखाएवढं अंतर. म्हाताऱ्याने गुणाजीकडे पाहिलं. त्याने आधी स्वतःच्या डोळ्याकडे बोट नेलं, मग रेघेकडे. मग मूठ हवेत हळूहळू फिरवली, नट सुटतो तशी. मग हाताचा पंजा उघडला आणि वरून खाली सोडून दिला.

गुणाजीला एक अक्षर जपानी येत नव्हतं आणि त्याला सगळं समजलं. डोळा म्हणजे बघणं. रोज सकाळी डोळ्याने बघणं, एवढंच त्या पानावर लिहिलेलं होतं. गोल चिरा म्हणजे हलका रंग नव्हता, नट फिरत होते. मशीन दोन पावसाळे त्याला सांगत होतं, आणि प्रत्येक दसऱ्याला त्याने त्याच्या तोंडात रंग कोंबला होता. तीन नंबरात सगळ्यांत जास्त. तिथे मुंबईत घड्याळ साडेतीन तास मागे, अजून उजाडायचं होतं. नऊ वाजता पूजा, साडेनऊला पहिला फेरा.

“फोन,” तो श्यामकांतला म्हणाला. “साहेब, आनंदबागेत फोन लावा. आत्ता.”

बागेच्या ऑफिसातल्या बाईने काही न विचारता फोन लावायला घेतला. आनंदबागेत घंटा वाजत राहिली. मशीनजवळच्या केबिनला कुलूप, किल्ली सीतारामकडे, आणि सीताराम फुलं आणायला गेला असणार. शेठच्या घरचा फोन आठवडाभर मुका होता. चाळीखालच्या वाण्याचा नंबर दोन तासांनी लागला, तेव्हा तिकडे सात वाजले होते.

“वहिनी? त्या तर पहाटेच गेल्या की,” वाणी ओरडला. “शकु पण गेली. हार करायचे होते ना. जपानातून बोलतोस? आवाज बाजूच्या खोलीतून आल्यासारखा येतोय!”

“कुणाला तरी मुलुंडला पाठव. मशीन चालू करू नका म्हणावं.”

“पाठवतो, पाठवतो,” वाणी म्हणाला. दसऱ्याची सकाळ, दुकानात गिऱ्हाईक मावत नव्हतं. त्याने पाठवलेला माणूस नंतर पोचला, दुपारी बाराला.

मग फक्त ती घंटा राहिली. बाई नंबर फिरवायची, घंटा वाजायची, तुटायची, बाई पुन्हा फिरवायची. बाहेर बाग उघडली होती. खिडकीतून आकाशपाळणा दिसत होता, माणसं किंचाळत होती, हसत होती, आणि गुणाजीला ते किंचाळणं सहन होईना. त्याने कानांवर हात घेतले. ऑफिसातल्या घड्याळात बारा वाजले. साडेबारा. एक वाजला. एक वाजून पाच मिनिटांनी कुणीतरी फोन उचलला. मागे सनई वाजत होती.

“हॅलो, कोण पाहिजे? पटकन बोला, लाउडस्पीकरची वायर न्यायला आलोय.”

“सीताराम! मशीन...”

“अरे गुणाजीभाऊ! भाऊ, काय टायमिंग! पूजा एक नंबर झाली. वहिनी बसल्या बघा तीन नंबरात! आत्ताच फेरा सुरू करून आलोय. शकु पण त्यांच्याच...”

“सीताराम, ऐक. हात खाली घे. आधी हात खाली, अगदी हळू. मग वेग कमी कर. ब्रेकला हात लावू नकोस, करंट तोडू नकोस. झटका बसला तर तीन नंबर सुटेल. समजलं? जा. पळ!”

सीतारामने रिसीव्हर ठेवला नाही, टेबलावर टाकला. गुणाजीने आपला रिसीव्हर कानात घुसवला. सनई थांबली होती. बायकांचं हसणं ऐकू येत होतं, दूर, मग जवळ, मग पुन्हा दूर. फेरा पूर्ण झाला की जवळ. आणि त्या हसण्याच्या खाली ते होतं. टक् नाही. टक्-टक्. एका फेऱ्याला दोनदा. तो मोजायला लागला. दोन फेरे. तीन. सीताराम अजून पोचला नसेल का? चार. पाचव्याला कुणीतरी किंचाळलं आणि गुणाजी खुर्चीची पाठ धरून खाली बसला. मग दोन टक्-टक्मधलं अंतर वाढलं. आणखी वाढलं. मग काहीच ऐकू आलं नाही. ना मशीन, ना माणसं. श्यामकांत काहीतरी विचारत होता, त्याला त्याचे फक्त ओठ हलताना दिसले.

किती वेळ गेला, कुणास ठाऊक. रिसीव्हर उचलल्याची खरखर झाली.

“मी उतरलंय,” विमला म्हणाली.

तो रडत होता आणि ती ऐकत होती. मग लाइन तुटली.

तीन दिवसांनी परत आला तो विमानतळावरून थेट मुलुंडला गेला. विमला तिथे येऊन थांबली होती. कुणी बोलावलं नव्हतं तिला. त्याने लोखंडी पट्टी घेतली, चकतीवर चढला आणि तीन नंबरच्या हाताचा रंग खरवडायला सुरुवात केली. तीन वर्षांचे तीन थर. पहिला नट पान्याच्या एका हिसक्यात फिरला. दुसऱ्याला पाना लागला नाही, बोटं पुरली. तिसरा, चौथा, पाचवा, तसेच. सहावा रंगाच्या टोपीसकट त्याच्या तळहातात आला. आठांपैकी घट्ट असे दोनच नट उरले होते. सीताराम खाली उभा होता, तो तिथेच मातीत बसला.

गुणाजीने खाली येऊन तो नट विमलेच्या हातात दिला. लपवण्यासारखं काही राहिलंच नव्हतं. तिने तो उलटसुलट करून पाहिला. आत गंज, बाहेर शेंदरी, गुळगुळीत.

“म्हणजे ह्यो हात रंगान धरून ठेवलेलो,” ती म्हणाली. मग तिने विचारलं, “तीन वर्षांत किती माणसं बसली असतील हो?”

जगातल्या कुठल्याही बागेत, कुठल्याही पाळण्यावर, तासाला किती माणसं बसतात हे ज्याला तोंडपाठ होतं, त्याला आपल्या मशीनचा आकडा सांगता आला नाही. म्हणजे मनात हिशेब सुरू झाला होता. टोपलीत चार, दिवसाला इतके फेरे, पोरं मांडीवर घेतलेली वेगळी. शाळांच्या सहली वेगळ्या. तो घाईघाईने थांबला, जणू पुढचा आकडा म्हटला तर ती सगळी माणसं तिथे येऊन उभी राहतील.

शेठने नवे बोल्ट मागवले. गुणाजीने चौसष्टच्या चौसष्ट बदलले, आवळले, आणि प्रत्येकावर पांढरी रेघ मारली, नटावरून निघून लोखंडावर उतरणारी. लिंबू-मिरची त्याने काढली नाही. तिचं कुणाशी वैर नव्हतं. दिवाळीच्या आदल्या दिवशी मशीन पुन्हा चालू करायचं ठरलं, आणि त्या सकाळी विमला पुन्हा आली.

लोखंडी शिडीला दोन्ही हातांनी घट्ट धरत, पायरीपायरीला थांबत, ती चकतीवर चढली. स्टुलावर न चढणारी बाई. तिने पहिल्या नटावरच्या रेघेवर बोट ठेवलं, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. चौसष्ट रेघांवरून तिचं बोट फिरेपर्यंत सगळे खाली उभे होते. मग ती उतरली, पदराने बोट पुसलं आणि गुणाजीला म्हणाली, “आता तुमी बसा. एकटे. तीन नंबरात.”

तो बसला. कोण नाही म्हणणार होतं तिला? विमला बटणांच्या खोक्यापाशी सीतारामच्या शेजारी जाऊन उभी राहिली. मशीन सुरू झालं. आवाज नव्हता, टक् तर नव्हतंच. सगळं बरोबर आहे हे त्या जागेवर त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. आणि हात वर गेला, मुलुंडचा डोंगर तिरपा झाला, तशी गुणाजीने टोपलीच्या दांडीला मिठी मारली. जपानात लाकडी डोंगरावर पाच वेळा बसलेला माणूस. त्याला खाली विमला दिसत होती, लहानशी, आणि एवढ्या वर्षांनी तिचा प्रश्न त्याला पहिल्यांदा खरोखर ऐकू आला. आणि खाली कसा उतरूचा?

तिसऱ्या फेऱ्याला तो ओरडला, “सीताराम, थांबव!” सीतारामने विमलेकडे पाहिलं. ती वर बघत होती. तिने एक फेरा आणखी होऊ दिला, पूर्ण, आणि मग सीतारामला थांबवायची खूण केली.

टोपली जमिनीला लागली तेव्हा गुणाजीला उठता येईना. विमलेने हात पुढे केला आणि त्याने तो दोन्ही हातांनी धरला.